जॅझ बासला प्रीअँप बसवायचाय, पण जुना टोन नॉब सोडवत नाही

टिळकवाडीचा_बास
माझा जॅझ बास (बास गिटार) पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायचा, दोन व्हॉल्यूम, एक टोन. गणपतीत ऑर्केस्ट्राला वाजवतो. मंडपात केबल लांब टाकली की आवाज मुका होतो, म्हणून ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा बास-ट्रेबलवाला प्रीअँप (गिटारमध्येच बसणारं, सिग्नल जोरकस करणारं सर्किट) घालायचाय. पण भावगीताला टोन पूर्ण बंद करून जो गोल आवाज निघतो, तो पण पाहिजे. दोन्ही जमतंय काय ओ?

खानापूरचा_सोल्डरवाला
जमतंय की ओ! टोन प्रीअँपच्या आधी ठेवा. पिकअप (तारांचा कंप टिपणारं वेटोळं), व्हॉल्यूम, टोन, मग प्रीअँप. तुमचा २५०केचा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे तसाच राहू दे. प्रीअँपच्या पुढे जोडलात तर काही उपयोग नाही, तिथला इम्पीडन्स (सिग्नलच्या वाटेतला अडथळा) एवढा कमी असतो की सिग्नल कपॅसिटरला दादच देत नाही. बायपास स्विच (प्रीअँप टाळून सिग्नल सरळ नेणारा) असेल तर टोन त्याच्याही आधी घ्या, म्हणजे बॅटरी मेली तरी नॉब चालतोय.

निपाणीकर
ट्रेबल नॉब शून्यावर नेला की तोच आवाज येईल असं पुष्कळांना वाटतं. येत नाही! ट्रेबल नॉब नुसता वरचा भाग खाली दाबतो. पॅसिव्ह टोन बंद केला की कपॅसिटर आणि पिकअपचं वेटोळं मिळून काहीशे हर्ट्झपाशी एक लहानसा उंचवटा तयार करतात. तुम्हाला आवडतो तो गोलपणा ह्यातलाच. टोन बंद ठेवून ट्रेबल मात्र चढवू नका, वाजण्यापेक्षा सूंऽऽ जास्त ऐकू येतंय.

टिळकवाडीचा_बास
भोकं चारच, त्यात एक जॅकचं.

खानापूरचा_सोल्डरवाला
दुमजली पॉट घ्या, एकाच भोकात एकावर एक दोन नॉब. एकावर दोन्ही व्हॉल्यूम, मधे टोन, शेवटच्यावर बास-ट्रेबल. १९६०च्या पहिल्या जॅझ बासलाही दुमजलीच नॉब होते, त्यामुळे शोभून दिसतंय. बॅटरी फोममध्ये गुंडाळा, नॉबच्या प्लेटखाली जागा तंग असते.

निपाणीकर
वाजवून झालं की केबल काढा हां. मी रात्रभर लावून ठेवली नि दुसऱ्या दिवशी आरतीतच आवाज फाटायला लागला.

टिळकवाडीचा_बास
केबलनंच बॅटरी चालू होते? माझ्या जॅकला दोनच पाय आहेत.

खानापूरचा_सोल्डरवाला
मग जॅक पण बदला. तीन पायांचा स्टिरिओ पाहिजे, बॅटरीची काळी वायर मधल्या रिंगला. टीव्ही रिपेअरवाल्याकडे विचारून बघा.