पुणे ते बंगळुरू सामान हलवायचंय, भरवशाचे पॅकर्स मूव्हर्स कोणी सांगेल का?
नमस्कार मंडळी, नवऱ्याची बदली झालीय, महिनाअखेरीला कोथरूडचं २ बीएचके रिकामं करायचंय. नेटवर एकदा नंबर काय टाकला, दहा मिनिटांत चौदा फोन आले! कोणी २२ हजार म्हणतंय, कोणी ४५, आणि एकाच नावाच्या तीन तीन कंपन्या, त्यातली खरी कुठली देव जाणे.

स्वस्तवाल्याची भीतीच वाटते कारण मागे नागपूरहून पुण्याला येताना आमचा ट्रक वाटेत थांबवून ड्रायव्हरने अजून ९ हजार मागितले होते, नाहीतर सामान उतरवणार नाही म्हणे, आणि एवढं करून सासूबाईंच्या शिलाई मशीनचं चाक तुटलेलं निघालं ते निघालंच. तेव्हा बिल्टीवर (ट्रकवाल्याने दिलेल्या मालाच्या पावतीवर) फक्त "घरसामान" एवढंच लिहिलेलं, यादी नाही, त्यामुळे भांडायला तोंडच नव्हतं.

यावेळी पार्ट लोड (म्हणजे एकाच ट्रकमध्ये इतरांच्या सामानासोबत आपलं) घ्यावा की पूर्ण गाडी? पार्ट लोडमध्ये सामान मधे गोडाऊनला उतरवतात ना? ट्रान्झिट इन्शुरन्सचा (वाटेत सामानाचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याचा) क्लेम कोणाला खरंच मिळालाय का? अ‍ॅडव्हान्स किती द्यायचा? स्कूटरपण आहे सोबत.

स्वतः सामान नेलेल्यांनीच सांगा प्लीज, एजंट लोकांनी इनबॉक्समध्ये येऊ नये.