मदत हवी आहे: मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० ला गेल्यावर दराचं फंक्शन १२६७ एरर देतंय

कासंडी | सोमवार, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामर नाही हे आधीच सांगतो. गावच्या दूध संस्थेत हिशेब बघतो आणि कॉम्प्युटरचं काही अडलं की मलाच हाक मारतात, एवढाच माझा अधिकार. फोनवरून लिहितोय, त्यामुळे कमांडा आणि एरर सगळं देवनागरीत आलंय. सांभाळून घ्या.

संस्थेचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसवर चालायचं. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला आणि जुन्या मशीनची हार्ड डिस्क आता कुरकुरायला लागलीय, म्हणून नवीन मशीन घेऊन त्यावर ८.० टाकलं. मायएसक्यूएलडंपने डंप (सगळ्या डेटाची एका फाइलमध्ये नक्कल) घेतला, नव्यावर चढवला, टेबलं सगळी आली. चाचणीचं पहिलंच माप टाकलं तर एरर १३०५, म्हणे 'दर_काढा' नावाचं, मापाचा दर काढणारं फंक्शनच नाही. शोधल्यावर कळलं की डंप घेताना रूटीन्सचा पर्याय वेगळा द्यावा लागतो, नाहीतर फंक्शनं मागेच राहतात. पुन्हा डंप घेतला.

या वेळी इम्पोर्टच १२३१ वर अडला. एसक्यूएल_मोडमध्ये 'नो_ऑटो_क्रिएट_युजर' आता चालत नाही म्हणे. फाइल नोटपॅडमध्ये उघडून तो शब्द सगळीकडून उडवला. मग १४१८ आला. कुठेतरी वाचून 'लॉग_बिन_ट्रस्ट_फंक्शन_क्रिएटर्स' ची किंमत १ केली आणि इम्पोर्ट झाला. फंक्शन चालवायला गेलो तर १४४९, ज्या युजरच्या नावाने ते लिहिलंय तो डिफायनर नव्या मशीनवर नाहीच. तो युजर तयार केला आणि त्याला सगळे अधिकार देऊन टाकले.

आता १२६७ वर गाडी रुतलीय. 'इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स' (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना कशी करायची त्याचे नियम, म्हणे), एका बाजूला युटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय, दुसऱ्या बाजूला युटीएफ८एमबी४_जनरल_सीआय, दोन्हींपुढे 'इम्प्लिसिट', आणि भांडण बरोबरच्या चिन्हावरून.

डोकं फिरलंय ते यामुळे, की फंक्शनच्या आतली सिलेक्टची ओळ तशीच्या तशी उचलली, प्रकार 'गाय', फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ असं हाताने लिहिलं, तर दर बरोबर येतो. तीच ओळ फंक्शनमधून गेली की एरर. ज्याने हे फंक्शन लिहिलं तो पोरगा नोकरीला लागून पुण्याला गेला, आता फोन उचलत नाही. संकलन सध्या जुन्या मशीनवरच चालू आहे, त्यामुळे कोणाचं दूध अडलेलं नाही. पण ती डिस्क किती दिवस तग धरेल, सांगता येत नाही.

टर्मिनल तात्या | सोमवार, सकाळी ११.४२

जुनं मशीन बंद केलं नाहीत, निम्मी लढाई तिथेच जिंकलात. इथे येणारे बहुतेक जण आधी जुनं फॉरमॅट करतात आणि मग धागा काढतात.

एक मात्र रागावून सांगतो, मराठी मजकूर असलेला डंप नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करायचा नाही. एन्कोडिंग चुकून बदललं तर सभासदांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील, आणि ती तुम्हाला थेट बिलाच्या दिवशी दिसतील. आधी नावं तपासा.

मग दोन गोष्टी इथे टाका. 'शो क्रिएट फंक्शन दर_काढा' चालवून शेवटच्या रकान्यात 'डेटाबेस कोलेशन' काय येतंय ते, आणि 'शो फुल कॉलम्स फ्रॉम दरपत्रक' मध्ये 'प्रकार' या कॉलमपुढे कोणतं कोलेशन दिसतंय ते. आणि नव्या मशीनवर डेटाबेस कसा तयार केलात?

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १२.०५

एवढं खणायची गरज नाही. फंक्शनमध्ये जिथे तुलना आहे तिथे पुढे 'कोलेट युटीएफ८एमबी४_जनरल_सीआय' चिकटवा, पाच मिनिटांत काम होतं. आमच्याकडे असंच चालू आहे.

टर्मिनल तात्या | सोमवार, दुपारी १२.२०

चालतं, पण ते कॉलमच्या बाजूला चिकटवलं आणि कॉलमचं कोलेशन वेगळं असलं तर त्यावरचा इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) उपयोगाचा राहत नाही. लावायचंच तर पॅरामीटरच्या (फंक्शनला बाहेरून दिलेल्या किमतीच्या) बाजूला, आणि कॉलमचं जे कोलेशन आहे तेच लावायचं. तरीही ते ठिगळच. आज एका फंक्शनला लावाल, उद्या दुसरं फाटेल.

कासंडी | सोमवार, दुपारी १.३०

नावं पाहिली, ठीक आहेत. नशीब म्हणायचं.

फंक्शनपुढे जनरल_सीआय येतंय. 'प्रकार' कॉलमपुढे ०९००_एआय_सीआय. डेटाबेस मी इम्पोर्टच्या आधी हाताने तयार केला होता, जुन्यासारखाच असावा म्हणून मुद्दाम जनरल_सीआय देऊन. मग टेबलं ०९०० झाली कशी? मी तर कुठेच ०९०० लिहिलं नाही.

टर्मिनल तात्या | सोमवार, दुपारी २.१५

तुम्ही लिहिलं नाहीत, डंपनेही लिहिलं नाही, म्हणूनच झालं.

५.७ मध्ये युटीएफ८एमबी४ या कॅरेक्टर सेटचं (अक्षरं साठवायच्या पद्धतीचं) डीफॉल्ट कोलेशन जनरल_सीआय होतं. जे डीफॉल्ट असतं ते डंप लिहीत बसत नाही. तुमच्या डंपमध्ये टेबलाच्या शेवटी नुसतं 'डीफॉल्ट कॅरसेट युटीएफ८एमबी४' असेल, उघडून बघा (नोटपॅडमध्ये नको!). ८.० मध्ये त्याच कॅरेक्टर सेटचं डीफॉल्ट ०९००_एआय_सीआय झालंय. टेबलाने कॅरेक्टर सेटचं नाव घेतलं आणि कोलेशनचं घेतलं नाही, की ८.० तुमच्या डेटाबेसकडे न बघता त्या सेटचं स्वतःचं डीफॉल्ट उचलतं. म्हणून टेबलं ०९००. फंक्शनच्या पॅरामीटरपुढे मात्र यातलं काहीच लिहिलेलं नसणार, तेव्हा तो डेटाबेसकडे बघतो, म्हणून जनरल. एकाच घरात दोन चुली.

आता हाताने लिहिल्यावर का चालतं ते. दोन वेगळी कोलेशन्स समोरासमोर आली की मायएसक्यूएल मानपान बघतं. प्रत्येकाला एक आकडा असतो, जितका लहान तितका मान मोठा. कॉलमचा आकडा २, तुम्ही अवतरणात लिहिलेल्या 'गाय' चा ४. तिथे कॉलमचं चालतं, वाद नाही. पण फंक्शनच्या पॅरामीटरचाही आकडा २ आहे. दोन्हीकडचे व्याही सारख्याच मानाचे, पहिल्या पाटावर कोणी बसायचं ठरेना, म्हणून पंगतच उठली. एररमध्ये दोघांपुढे 'इम्प्लिसिट' लिहिलंय ते हेच.

रस्ते दोन. एक, सगळी टेबलं 'कन्व्हर्ट टू' वापरून परत जनरल_सीआय करा, म्हणजे सगळं जुन्यासारखं वागेल. दोन, डेटाबेसचं कोलेशन ०९०० करा आणि फंक्शनं ड्रॉप करून पुन्हा तयार करा. नुसतं 'आल्टर डेटाबेस' करून भागणार नाही, जुनं फंक्शन ज्या कोलेशनवर जन्मलं तेच धरून बसतं.

कासंडी | सोमवार, दुपारी २.४०

टेबलं ३७ आहेत, फंक्शनं ४. दुसरा रस्ता धरतो.

अर्धविराम | सोमवार, दुपारी ३.०५

फंक्शन पुन्हा लिहिणारच आहात तर १४१८ चंही नीट उरकून घ्या. ५.७ मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंदवही) आपणहून चालू नसायचा, ८.० मध्ये असतो. त्यामुळे फंक्शन डेटाचं काय करतं हे जाहीर करावं लागतं. तुमचं फंक्शन दरपत्रक फक्त वाचतं, तर बिगिनच्या आधी 'रीड्स एसक्यूएल डेटा' लिहा, एररचं कारणच संपलं. काही ठिकाणी सरसकट 'डिटरमिनिस्टिक' (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर) ठोकायला सांगतात. सर्व्हर खरंखोटं तपासत नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. पण दरपत्रक बदललं की त्याच फॅटला वेगळा दर येणार, मग डिटरमिनिस्टिक कसलं? तुम्ही १ केलेला तो पर्याय ८.०.३४ पासून मोडीत काढायच्या यादीत आहे, शिवाय 'सेट ग्लोबल' ने केला असेल तर सर्व्हर रीस्टार्ट झाला की पुन्हा शून्य.

डिफायनरचंही तसंच. आल्टर फंक्शनने डिफायनर बदलता येत नाही, ड्रॉप करून नव्याने लिहिताना बदलायचा. सगळे अधिकार दिलेला तो युजर काढून टाका, दरपत्रक वाचायला आणि फंक्शन चालवायला पुरेल एवढाच अधिकार असलेला ठेवा. 'इन्फर्मेशन_स्कीमा' मधल्या रूटीन्स टेबलात कोणाच्या नावावर काय आहे ते एका नजरेत दिसेल. ५.७ मधल्या 'मायएसक्यूएल डॉट प्रॉक' मध्ये शोधायला जाऊ नका, ते टेबल ८.० मध्ये राहिलेलंच नाही.

आणि ड्रॉप करण्याआधी चारही फंक्शनांचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. तयार करताना डीलिमिटर (कमांड कुठे संपली ते सांगणारं चिन्ह) बदलायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच अर्धविरामावर १०६४, म्हणजे व्याकरणाचा एरर येईल आणि शिव्या मला पडतील.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३.२०

१०६४ वरून आठवलं. आमच्या एका फंक्शनमध्ये 'रँक' नावाचा कॉलम होता, ८.० मध्ये तो राखीव शब्द झाला. डंप टेबलांच्या आणि कॉलमांच्या नावांना स्वतः बॅकटिक (नाव वेगळं दाखवणारी उलटी अवतरणचिन्हं) लावतो, फंक्शनच्या पोटात जसं लिहिलंय तसंच ठेवतो. अर्धी रात्र गेली होती.

कासंडी | सोमवार, रात्री ९.५०

अर्धा आनंद, अर्धा घोर.

चारही फंक्शनं नव्याने लिहिली, १२६७ गेला. गाईचं माप टाकलं, फॅट ३.५, एसएनएफ ८.५, दर जुन्या मशीनइतकाच. उड्याच मारणार होतो. मग म्हशीचं टाकलं, ६.० आणि ९.०, तर दर ०.००. एरर नाही, काही नाही, सरळ शून्य. फंक्शन हाताने चालवलं तर नल, म्हणजे 'किंमतच नाही' असं येतंय. दरपत्रकात ती ओळ डोळ्यांना दिसतेय! सचिव शेजारी उभे होते, म्हणाले, म्हशीचं दूध फुकट घ्यायचं ठरलंय काय?

एरर येत होता तेच बरं होतं राव. निदान कळत तरी होतं.

टर्मिनल तात्या | सोमवार, रात्री १०.१५

हे चालवा आणि आकडे सांगा: सिलेक्ट प्रकार, कॅर_लेंग्थ(प्रकार), लेंग्थ(प्रकार), हेक्स(प्रकार) फ्रॉम दरपत्रक, फॅट ६.० आणि एसएनएफ ९.० ची ओळ.

कासंडी | सोमवार, रात्री १०.२२

म्हैस, ६, १६, आणि हेक्सच्या शेवटी २०.

टर्मिनल तात्या | सोमवार, रात्री १०.४०

सापडलं. 'म्हैस' मोजा: म, हलन्त, ह, दोन मात्रांचं एकच चिन्ह, स. झाले पाच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ८ मध्ये तीन बाइटचं, म्हणजे पंधरा व्हायला हवेत. तुमच्याकडे सहावं काहीतरी आहे, एका बाइटचं, आणि हेक्स २० म्हणजे स्पेस. दरपत्रकात 'म्हैस' च्या शेपटीला एक रिकामी जागा चिकटलीय.

ती पूर्वीपासूनच असणार. जनरल_सीआय शेवटच्या स्पेस तुलनेत धरत नाही, 'म्हैस' आणि 'म्हैस ' तिला एकच. ०९०० ची कोलेशन्स 'नो पॅड' आहेत, त्यांना ती स्पेस अक्षरासारखीच वाटते. ओळ जुळली नाही, सिलेक्ट इनटूला काही मिळालं नाही, आणि त्यावर फंक्शन थांबत नाही, नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातं. व्हेरिएबल नल राहिलं, पुढे तुमच्या सॉफ्टवेअरने नलचं शून्य केलं.

चूक माझी. दुसरा रस्ता सांगताना पॅडिंगचं बोलायला हवं होतं. ३७ टेबलांचा कंटाळा न करता पहिला घेतला असतात तर हे आज दिसलंच नसतं.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०.५५

दिसलं ते बरंच झालं की. घाण टेबलात राहण्यापेक्षा बाहेर आलेली बरी.

अपडेट करा, प्रकार = ट्रिम(प्रकार), व्हेअर प्रकार <> ट्रिम(प्रकार). गंमत बघा, जनरल_सीआयवर हीच अट एकही ओळ पकडणार नाही, तिच्या लेखी दोन्ही बाजू सारख्याच. बॅकअप घेऊन मगच चालवा. सभासद क्रमांक, केंद्राचा कोड, जे जे व्हारकॅर (मजकुराचा कॉलम) असून तुलनेत येतं ते सगळं तपासा. आणि फंक्शनमध्ये दर नल आला तर 'सिग्नल' वापरून सरळ एरर फेकायला लावा. शून्य दर छापण्यापेक्षा माप अडलेलं परवडलं.

कासंडी | मंगळवार, दुपारी १२.३०

म्हशीच्या २१७ ओळींना स्पेस होती, गाईच्या एकाही नाही. सचिवांना विचारल्यावर उलगडा झाला. म्हशीचा सुधारित दर आला तेव्हा एक्सेलमधून चिकटवला होता, आणि त्या शीटमध्ये पहिल्या ओळीला स्पेस पडलेली, तीच खालपर्यंत ओढत नेली. गाईचं पत्रक हाताने टाकलेलं. सभासदांच्या टेबलातही तिघांच्या क्रमांकाला शेपूट निघालं, तेही ट्रिम केलं.

मागच्या दहा दिवसांची सगळी मापं नव्या मशीनवर फंक्शनमधून पुन्हा काढली आणि जुन्या मशीनने दिलेल्या दराशी ताडून पाहिली. एका पैशाचाही फरक नाही. सिग्नलही लावलाय. मुद्दाम फॅट ६० टाकून बघितलं, 'या मापाला दर नाही' असं मराठीत ओरडतंय, सचिव खूष.

एक राहिलं. आता ८.४ ला जायचं म्हणजे हे सगळं पुन्हा करायचं का?

टर्मिनल तात्या | मंगळवार, दुपारी १.१०

पुन्हा एवढं नाही. कोलेशनचं डीफॉल्ट ८.४ मध्येही ०९०० च आहे, आणि तुमचा मोठा खड्डा तोच होता. ५.७ वरून ८.४ ला थेट जाता येत नाही, मधे ८.० लागतंच, ते तुम्ही पार केलंत. जाण्याआधी मायएसक्यूएल शेल टाकून 'युटिल डॉट चेकफॉरसर्व्हरअपग्रेड' चालवा. मोडीत गेलेले मोड, राखीव झालेले शब्द, काढून टाकलेली फंक्शनं, सगळी यादी आधीच हातात देतं. तुमचा १२३१ त्यात आला असता. स्पेसची शेपटी मात्र त्यात येत नाही, ती आपणच शोधायची.

जुनं मशीन कधी बंद करताय?

कासंडी | मंगळवार, दुपारी १.२५

येतं दहा दिवसांचं बिल दोन्हीकडे काढून, कागदावर कागद ठेवून बघणार. मग बंद. तोवर संध्याकाळी दोनदा टंकतोय, गाईचं एकदा, म्हशीचं दोनदा वाचून.