शब्दचर्चा : मिसर, मस्र, इजिप्त आणि कॉप्ट

चिंचबन :
मंडळी, एक शंका. जुन्या मराठी बायबलमधे 'मिसर देश' आहे, हिंदी-उर्दूवाले मिस्र म्हणतात, आपण शाळेत इजिप्त शिकलो आणि परवा कुठेतरी वाचलं की कॉप्ट हेच खरे इजिप्शियन. मग हा कॉप्ट शब्द आला कुठून, ती जात आहे, धर्म आहे का भाषा आहे, आणि तिथला माणूस स्वतःला काय म्हणवतो? शिवाय हिंदीत खडीसाखरेला मिसरी म्हणतात ती याच मिसरची का? मशेरी आणि मिसरूड यांचं नंतर बघू.

वाळूतला_मालवणी :
मी कुवेतला असतो, आमच्याकडे साईटवर इजिप्तवाले भरपूर, त्यामुळे ऐकीव सांगतो. तो स्वतःला मस्री म्हणतो. लिहिताना मिस्र, पण तोंडात मस्र. आणि कैरोलाही ते बोलताना मस्रच म्हणतात, म्हणजे खेड्यातला माणूस 'मस्रला चाललोय' म्हणाला की तो देशाच्या राजधानीला चाललाय असं समजायचं. दुसरं म्हणजे बाकीचे अरब जिथे ज म्हणतात तिथे कैरोवाले ग म्हणतात. जमालचा गमाल होतो, म्हणून तिथले माजी अध्यक्ष गमाल अब्दुल नासर. गिझाचंही तेच, बाकीच्यांच्या तोंडी जीझा. आणि 'मस्र उम्म इद्दुन्या' हे वाक्य सतत कानावर येतं, मस्र ही दुनियेची आई. ही दुनिया म्हणजे आपलीच दुनिया, अरबीतूनच आलेली. फुटबॉलची मॅच हरल्यावर हे वाक्य जरा जास्तच जोरात म्हणतात एवढं निरीक्षण.

पाटीपेन्सिल :
छान धागा. मिसर हे शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव आहे. अक्कडियनमधे मुसुर किंवा मिस्रू, हिब्रूत मित्सरायीम, अरबीत मिस्र, सगळी एकाच कुळातली रूपं. मराठी बायबलातलं मिसर याच कुळातलं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाची गोष्ट तर मिसरमधून सुटका झाल्याचीच, आणि त्या सणाला वाचायची पोथी, हगादा, हिब्रू-मराठीत पुण्यात १८७४ साली छापली गेलीय, म्हणजे मराठी घरांमधे मिसर हा देश फार आधीपासून येऊन बसलेला आहे, इजिप्त मागाहून इंग्रजीच्या बोटाला धरून आला.

इजिप्त हा शब्द ग्रीकांचा. मेम्फिस शहरात प्ताह देवाचं देऊळ होतं, त्याचं नाव हुत-का-प्ताह, अर्थ प्ताहच्या 'का'चं (जीवनशक्तीचं) घर. देवळाचं नाव शहराला लागलं, शहराचं देशाला, आणि ग्रीकांच्या तोंडी त्याचं आइगुप्तोस झालं. तिथल्या माणसाला आइगुप्तिओस. अरब आले तेव्हा त्यांनी याच शब्दाचं पुढचं डोकं उडवून किब्त केलं, आणि किब्तचं युरोपात कॉप्ट. म्हणजे इजिप्त आणि कॉप्ट हा मुळात एकच शब्द, दोन वेगळ्या रस्त्यांनी आपल्याकडे पोचलेला.

आणि ते स्वतः काय म्हणायचे तर केमेत, काळी जमीन. नाईलच्या पुराने जो काळा गाळ यायचा तेवढा पट्टा म्हणजे देश, त्याच्या पलीकडचं वाळवंट ते देश्रेत, तांबडी जमीन. उच्चार मात्र अंदाजे धरा कारण त्या लिपीत स्वर लिहीतच नसत, क-म-त एवढंच लिहिलेलं आहे, मधले ए आपण सोयीसाठी घालतो.

रविवारचा_चहा :
केमेतवरून अल-किमिया आणि त्यावरून आपली किमया!! डोकं चाललं की नाही आज!

पाटीपेन्सिल :
अर्धंच पक्कं आहे ते. किमया अरबी-फारसीतून आली हे नक्की, अरबीत तो शब्द ग्रीकातून आला हेही बहुतेक सगळे मानतात. ग्रीक शब्द केमेतवरून आला का धातू वितळवणे-ओतणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून, यावर मात्र भांडण आहे. व्हॉट्सॅपवर पाठवायला छान आहे, कोशात लिहायला नको.

त्यापेक्षा पक्का हवा असेल तर आबनूस घ्या. काळं लाकूड. जुन्या इजिप्शियनमधे हबनी, ग्रीकात एबेनोस, फारसीत आबनूस, तिथून आपल्याकडे. हजारो वर्षं जुना शब्द फर्निचरच्या दुकानात जिवंत आहे. दुसरा नेट्रॉन, ममी वाळवायला वापरायचे तो खार. इजिप्शियन शब्द ग्रीकात नित्रोन झाला, लॅटिन वळणाने नॅट्रियम, म्हणून शाळेत सोडियमचं चिन्ह एनए पाठ करावं लागतं.

कोशकीटक :
कैरो राहिलं. फातिमी राजघराण्याने ९६९ मधे वसवलेलं शहर, नाव अल-काहिरा, म्हणजे जिंकणारी, नमवणारी. हा जो क-ह-र धातू आहे त्यातूनच आपला कहर. पावसाने कहर केला मधला कहर.

खडीसाखरेचं : हो, मिसरी म्हणजे मिसरची, याच मिसरची. हिंदीवाल्यांनी साखरेचा एक प्रकार चीनला दिला, एक मिसरला. आपण मराठी लोकांनी दोन्हीकडे साखर हाच शब्द धरून ठेवला. मशेरी ही तंबाखूची भानगड वेगळी, ती देवाला नैवेद्यात ठेवू नका.

वाळूतला_मालवणी :
कॉप्टबद्दल माझा एक प्रश्न. आमच्याकडे एक कॉप्टिक फोरमन आहे, मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा क्रॉस गोंदलेला. तो म्हणतो आम्हीच फारोंचे वंशज. बाजूचा मुसलमान मस्री म्हणतो मग आम्ही काय आकाशातून पडलो? दोघं जेवायला एकत्रच बसतात, हे वेगळं. यात बरोबर कोण?

पाटीपेन्सिल :
दोघंही. अरबांनी ६४० च्या सुमारास इजिप्त जिंकलं तेव्हा किब्त म्हणजे तिथला स्थानिक माणूस एवढाच अर्थ होता, आणि स्थानिक बहुतेक ख्रिश्चन होते. पुढच्या काही शतकांत बहुसंख्य लोक मुसलमान झाले, बोलीही अरबी झाली, आणि किब्त हे नाव जे ख्रिश्चन राहिले त्यांच्यापुरतं उरलं. लोक फारसे बदलले नाहीत, नावाचा घेर लहान होत गेला. नाईलकाठचा मुसलमान शेतकरी पण बहुतांशी त्याच जुन्या शेतकऱ्याचा वंशज आहे. आज कॉप्ट लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के धरतात, पण या आकड्यावर तिथेच एकमत नाही.

तर कॉप्ट म्हणजे समाज, त्यांचं चर्च वेगळं, ४५१ च्या काल्सिडॉनच्या धर्मपरिषदेनंतर रोम आणि कॉन्स्टँटिनोपलपासून फुटलेलं, त्यांचा स्वतःचा पोप असतो, सध्याचे तावाद्रोस दुसरे. आणि कॉप्टिक ही भाषा म्हणजे फारोंच्या भाषेचीच शेवटची अवस्था, फक्त ग्रीक अक्षरांत लिहिलेली, ग्रीकात नसलेल्या आवाजांसाठी जुन्या लिपीतली सहा-सात अक्षरं उसनी घेऊन. घरात कोणी बोलत नाही आता, पण चर्चमधल्या प्रार्थनेत आहे. ग्रीक अक्षरांमुळे हिच्यात स्वर लिहिले गेले, म्हणून फारोंच्या भाषेचा उच्चार कसा असेल याचा थोडाफार अंदाज येतो तो हिच्यावरूनच.

शाँपोलियॉन या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मधे फारोंची चित्रलिपी वाचली ती रोझेटाच्या दगडावर एकच मजकूर तीन लिप्यांत होता म्हणून, एवढंच आपण पुस्तकात वाचतो. पण तो गडी लहानपणापासून कॉप्टिक घोकत होता. एका राजाच्या नावात आधी सूर्याचं वर्तुळ आणि शेवटी दोनदा स. कॉप्टिकमधे सूर्याला रे म्हणतात हे त्याला माहीत होतं, त्यावरून त्याने रामसेस वाचला. चर्चमधे ती भाषा टिकली नसती तर नुसता दगड घेऊन काय करणार होता.

जिरायती :
आम्ही शेतकरी माणसं, मला यातला कॅलेंडरचा भाग आवडतो म्हणून लिहितो. कॉप्टिक कॅलेंडरचे महिने म्हणजे तूत, बाबा, हातूर, कियाहक, तूबा, अमशीर, बरमहात असे पुढे जातात, बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटी पाच-सहा दिवसांचा एक चिमुकला महिना. तूत म्हणजे थॉथ देव, हातूर म्हणजे हॅथोर देवी. म्हणजे चर्चच्या कॅलेंडरमधे जुने देव बसलेत आणि तिथला मुसलमान शेतकरी पण पेरणीचं, थंडीचं गणित याच महिन्यांवर करत आलाय. एकाच वेळापत्रकात तीन धर्म. वर्ष सप्टेंबरच्या ११ तारखेला सुरू होतं आणि त्यांचा सन इसवी २८४ पासून मोजतात, डायोक्लेशन हा रोमन बादशहा गादीवर बसला ते साल, कारण त्याच्या काळात ख्रिश्चनांचा फार छळ झाला, म्हणून त्याला हुतात्म्यांचा सन म्हणतात. छळ करणाऱ्याच्या राज्यारोहणापासून सन मोजायचा हे मला अजून पचलेलं नाही.

म्हणी पण आहेत प्रत्येक महिन्याच्या. हातूर म्हणजे विखुरलेल्या सोन्याचा बाप, कारण तेव्हा गहू पेरतात. तूबाबद्दल म्हणतात की ती तरण्या पोरीची म्हातारी करते, इतकी थंडी, जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो महिना. आपल्याकडे 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हणतात त्याच जातीचं बोलणं. फरक इतकाच की आपण पावसाकडे बघून म्हणी केल्या, त्यांच्याकडे पाऊस जवळपास नाहीच, सगळं नदीवर. आता आस्वान धरण झाल्यापासून तो पूर पण येत नाही, गाळ धरणामागे अडतो, पण महिने आणि म्हणी चालू आहेत.

कोशकीटक :
जिरायती, प्रतिसाद जपून ठेवला.

फारोबद्दल कोणी बोललं नाही म्हणून : मूळ शब्द पेर-आ, अर्थ मोठं घर, म्हणजे राजवाडा. आधी तो खरंच इमारतीसाठीच होता, राजासाठी वापरायला लागले ते इसवीसनापूर्वी पंधराव्या शतकाच्या आसपास. आपण नाही का 'वाड्यावरून निरोप आलाय' म्हणतो, निरोप माणूस धाडतो पण नाव वाड्याचं. त्यामुळे पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूला फारो म्हणणं म्हणजे त्याच्यानंतर हजार वर्षांनी रुळलेली पदवी त्याला मागे जाऊन देणं आहे. चालतं, सगळे म्हणतात, पण माहिती असावं.

रविवारचा_चहा :
आणि मात? सत्याची देवी मात, डोक्यावर पीस. मराठीत 'मात केली' म्हणलं की वेगळाच अर्थ.

कोशकीटक :
आपली मात बुद्धिबळातली, शहमातमधली. देवीशी काही संबंध नाही. मराठीत लिहिताना माआत लिहावं, गोंधळ टळतो. ही नुसती सत्याची देवी नव्हे, जगाची घडी नीट बसलेली असणं ते माआत, त्यात न्याय पण आला, पूर वेळेवर येणं पण आलं, राजाने नीट वागणं पण आलं. मेल्यावर हृदय तिच्या पिसाशी तोलतात ते म्हणून. वेदातलं ऋत हे त्यातल्या त्यात जवळचं. 'सत्य' एवढंच भाषांतर केलं तर बरंच सांडतं.

'का' आणि 'बा' चं पण तेच आहे. दोन्हींना आत्मा म्हणून मोकळं होऊ नये. का म्हणजे जीवनशक्ती, त्याला जेवण लागतं, म्हणून थडग्यात भाकरी आणि बिअर ठेवायची. बा म्हणजे माणसाचं डोकं असलेला पक्षी, तो बाहेर हिंडून परत देहाकडे येतो, म्हणून देह टिकवायचा, म्हणून ममी. ममी हा शब्द तर त्यांचा नव्हेच, फारसी मोम म्हणजे मेण, त्यावरून अरबी मूमिया म्हणजे डांबर, काळी पडलेली प्रेतं बघून लोकांना वाटलं डांबर फासलंय. युरोपात ती ममी कुटून औषध म्हणून विकायचे, शेकडो वर्षं. आपल्याकडे बघायची असेल तर बडोद्याच्या म्युझियममधे आहे.

चिंचबन :
भरभरून मिळालं, सगळ्यांचे आभार. आता खरं कारण सांगते, एक लेख मराठीत करतेय. त्यात अप्पर इजिप्त आणि लोअर इजिप्त आहे, मी 'उत्तर' आणि 'दक्षिण' करणार होते पण नकाशात अप्पर खाली दिसतंय. काय करू?

पाटीपेन्सिल :
नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून वरचा म्हणजे दक्षिणेचा. 'ऊर्ध्व इजिप्त' वगैरे करू नका हो, वाचणारा पळून जाईल. वरचा इजिप्त आणि खालचा इजिप्त सरळ लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'नदीच्या उगमाकडचा' एवढं जोडा. मराठी माणसाला वर-खाली म्हणजे नकाशा नव्हे हे कळतं, आपण वर घाटावर आणि खाली कोकणात म्हणतोच.

वाळूतला_मालवणी :
तिथे वरच्या भागातल्या माणसाला सईदी म्हणतात आणि त्यांच्यावर कैरोवाले ढीगभर जोक करतात, भोळे पण हट्टी असं. आमचा फोरमन सईदीच आहे, तेच जोक तोच सगळ्यात जास्त सांगतो.

जाता जाता लेखात घालायला, चिंचबनताई : शम्म अन-नसीम. कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. आमच्या साईटवरचे सगळे मस्री, मुसलमान ख्रिश्चन दोन्ही, त्या दिवशी बाहेर गवतावर जाऊन बसतात, रंगवलेली अंडी, कांद्याची पात आणि फसीख खातात. अरबीत नावाचा अर्थ वाऱ्याची झुळूक हुंगणे असा लागतो पण मूळ शब्द जुन्या इजिप्तच्या शेमू या सुगीच्या ऋतूवरून आला आणि अरबी अर्थ मागाहून चिकटला असं सांगतात.

चिंचबन :
फसीख म्हणजे आपला खारा बांगडा का?

वाळूतला_मालवणी :
आपला मासा मीठ लावून उन्हात कडक होतो. हा बोय मासा, आधी फुगेपर्यंत ठेवतात, मग मिठात मुरवतात, आतून लोण्यासारखा मऊ राहतो. वास असा की मी मालवणी असून चार हात लांब बसलो. नीट मुरला नसेल तर विषबाधा होते, आरोग्य खातं दरवर्षी सणाआधी इशारा काढतं, आणि लोक तो इशारा वाचत वाचत फसीखच्या दुकानासमोर लाईन लावतात.