गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचे घरगुती प्रयोग: तुमचे अनुभव

जुनी_किल्ली

काल माळा आवरताना एक पत्र्याचा डबा सापडला. आत दोन काळी चुंबकं, इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली, आणि बाबांची खिशातली डायरी. ही चुंबकं आमच्या जुन्या मोटारसायकलच्या पेट्रोलच्या नळीवर कितीतरी वर्षं होती. बाबांचं म्हणणं असं की चुंबकातून गेलं की पेट्रोलचे रेणू रांगेत उभे राहतात आणि नीट जळतात. मी शाळेत होतो. रांग म्हटलं की मला पीटीचे सर दिसायचे.

डायरीत दर वेळचे किलोमीटर, लिटर आणि भागाकार. चुंबकाआधी ५१.२, नंतर ५७.८. त्याखाली दोन रेघा. बाबा आता नाहीत, त्यामुळे वाद घालायला कोणी उरलं नाही.

तुमच्याकडे कोणी नळीवर, टाकीत, कार्ब्युरेटरमध्ये काय काय केलं? फसलेलं आधी सांगा.

पाना_पक्कड

डांबरगोळ्या! टाकीत चार. बास, एवढंच लिहून थांबायला हवं खरं तर.

विरघळतात त्या, ते खोटं नाही. नॅफ्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं. पण परीक्षेमुळे गाडी दोन महिने उभी राहिली, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून गेलं आणि जेटमध्ये (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) पांढरे खडे बसले. गॅरेजवाल्या काकांनी जेट नाकाला लावला आणि विचारलं, "गाडी कपाटात ठेवता का रे?"

आणि हल्ली बऱ्याच गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतातच. दुसरं रसायन असतं, त्यात क्लोरीन. ते इंजिनात जळून आम्ल होणार. कोणी करू नका.

मोगरा_पहाटे

माझ्या दादाने माझं नेलपॉलिश रिमूव्हर टाकीत ओतलं होतं. अख्खी बाटली, नवीन. अ‍ॅसिटोनने अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणे. त्यात पाणी आणि सुगंध पण असतो हे त्याला कोण सांगणार. ओतताना सांडलं तर झाकणाभोवतीचा रंगच उठला. नखांचा काढतं ते टाकीचा सोडेल? थोड्या दिवसांनी पेट्रोलचा कॉक गळायला लागला, आतला रबरी वॉशर फुगून मऊ झाला होता.

बाटली अजून भरून दिलेली नाही. दादा, वाचत असशील तर.

@पाना_पक्कड, डांबरगोळ्यांवरून आठवलं, लोकरी स्वेटरला बसलेला वास कसा घालवतात? दोनदा धुतला.

तिरपागडे

हाहाहा कपाटात ठेवता का 😂😂

आमच्याकडे रॉकेल मिसळायचे. अ‍ॅव्हरेजचं माहीत नाही, डास मात्र गेले.

शून्यप्रहर

मोठं होईल, आधीच माफी.

कॉलेजात आम्ही तिघांनी पाण्यावर चालणारी गाडी करायला घेतली. म्हणजे पेट्रोलवरच, पण पाण्याचं विघटन करून तो हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, सोडायचा. स्टेनलेसच्या पट्ट्या, बरणी, पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड. (हे हाताला लागलं की साबणासारखं बुळबुळीत लागतं. तो साबण म्हणजे आपलीच कातडी.) पहिल्या दिवशी बॅकफायर झाला, ज्योत नळीतून उलटी आली आणि बरणीचं झाकण शेडच्या पत्र्याला जाऊन चिकटलं. ज्योत मागे येऊ नये म्हणून मध्ये पाण्याचा बबलर (गॅस पाण्यातून बुडबुडे होऊन जातो ती बाटली) ठेवायचा असतो, तो आम्ही 'नंतर लावू' म्हणून ठेवला होता.

बबलर लावून चाचणी घेतली तर १२ टक्के वाढ! दोन दिवस जमिनीवर पाय नव्हते. मग तिसऱ्या मित्राने घाण केली. म्हणाला, चालवणाऱ्याला कळूच द्यायचं नाही यंत्र चालू आहे की बंद. स्विच डिकीत, चिठ्ठी टाकून ठरवायचं. रस्ता तोच, वेळ तीच, आठ फेऱ्या. फरक गायब. यंत्र चालू आहे हे माहीत असलं की मी अंडं पायाखाली असल्यासारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबायचो, वाढ त्याची होती.

नंतर हिशेब मांडला (आधी मांडायचा असतो). मिनिटाला एक लिटर गॅस जाळून मिळतात जेमतेम ११० वॅट. गाडी ताशी ८०ने आणि लिटरला १५ने जाताना पेट्रोलमधून सुमारे ४५ किलोवॅट जाळत असते. आणि गॅस करायला अल्टरनेटरवरून १५ अँपिअर ओढत होतो, म्हणजे २०० वॅट. तो अल्टरनेटर कोण फिरवतं? तेच इंजिन. स्वतःच्याच एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचे, आणि वाटेत अर्धे सांडायचे.

आजोबा_ऑनलाइन

शून्यप्रहर, उत्तम. हा रोग जुना आहे. १९३०च्या दशकात कॅनडात चार्ल्स नेल्सन पोग यांनी कार्ब्युरेटरची पेटंटं घेतली, गॅलनला २०० मैलांचे दावे झाले. पेट्रोल आधी वाफ करून द्यायचं ही कल्पना. पण पेट्रोल न जळता वाया जातं हा समजच चुकीचा. धडधाकट इंजिनात ते जवळजवळ सगळं जळतं. ऊर्जा जाते ती उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त यंत्रं तपासली, लक्षणीय फरक पाडणारं एकही निघालं नाही.

इंधनात काही घालून उपयोग होतच नाही असं मात्र नाही. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकांना शिशाच्या संयुगाने इंजिनाचं ठोकणं थांबतं असं सापडलं. उपयोग झाला, आणि शिसं कित्येक दशकं सगळ्यांच्या फुप्फुसात गेलं.

नातीने फोन मागितला, उरलेलं नंतर.

झुळूक

मोगरा, स्वेटर उन्हात उलटा करून वाळत घाल, चार-पाच दिवस. धुण्याने जात नाही तो.

विषयाचं: नवऱ्याने गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टात (मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावतात त्या खोबणीत) खोचायचं एक यंत्र आणलं होतं. हिरवा दिवा लुकलुकायचा, तो गाडी 'शिकतेय' म्हणून खूश. मी उघडलं. आत दिवे लुकलुकवणारी एक चिप आणि तीन एलईडी. गाडीच्या संगणकाशी बोलायच्या पिना कशालाच जोडलेल्या नव्हत्या. अजून त्याला सांगितलेलं नाही, गेल्या महिन्यापासून तो खरंच हळू चालवतोय.

तिरपागडे

झुळूकताई, सांगू नका. चालू आहे ते यंत्र 🙏

पाना_पक्कड

किल्लीभाऊ, बाबा मोजायचे कसं? टाकी पूर्ण भरून परत पूर्ण भरेपर्यंत? मोटारसायकलला पाच लिटर बसलं आणि भरताना पाव लिटर इकडचं तिकडे झालं तर पाच टक्के तिथेच गेले. स्टँडवर सरळ होती की तिरकी यानेही फरक पडतो. शिवाय पेट्रोल गरमीने फुगतं, दहा अंशांना साधारण एक टक्का. एका टाकीवरून काहीच कळत नाही. निदान पाच-सहा टाक्या, मग यंत्र काढून परत तेवढ्याच.

जुनी_किल्ली

बाबांबद्दल एवढं कोणी विचारलं नव्हतं, म्हणून रात्री डायरी पहिल्यापासून वाचली.

टाकी पूर्ण ते पूर्ण, मधल्या स्टँडवर, ठरलेल्या एकाच पंपावर. प्रत्येक नोंदीपुढे 'म. स्टँ.' लिहिलंय. आणि चुंबक बसवायच्या चार दिवस आधीची ओळ: "मागचा ब्रेक घासत होता, सैल केला. चेन. दोन्ही टायर हवा."

म्हणजे झालं. मागचं चाक मोकळं झालं होतं.

पण पुढे आणखी आहे. आठ महिन्यांनी, "चुं. काढले." मग पाच टाक्या: ५७.४, ५८.१, ५६.९, ५७.७, ५८.०. त्याखाली रेघ नाही, काही नाही. पुढच्या ओळीत "चुं. परत लावले." कारण लिहिलेलं नाही. घरात कधी बोलले पण नाहीत.

शून्यप्रहर

पाच टाक्या काढून तपासलं?! आम्हाला तिसरा मित्र लागला त्याला.

आजोबा_ऑनलाइन

परत लावले हे मला समजतं.

तिरपागडे

चुंबकं टाकू नका भाऊ. गॅरेजमध्ये सांडलेले स्क्रू उचलायला असली जुनी भारी असतात.

मोगरा_पहाटे

झुळूक, उन्हाचा तिसरा दिवस. वास थोडा कमी आहे, पण आता शेजारची मांजर त्याच्यावर झोपते.