बीआयटी चाळींवरचं जुनं साहित्य नेटवर शोधायचंय, भलतंच समोर येतंय. सर्च नेमका कसा करायचा?

परळची_मुलगी

नमस्कार मंडळी. मी एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधिकेचा विषय आहे मुंबईच्या बीआयटी चाळी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या. बाबासाहेब परळच्या ज्या बीआयटी चाळीत राहिले, ती आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. येता-जाता ती दिसते, म्हणून हा विषय मी स्वतःच मागून घेतला.

पण नेटवर बसले की डोकं दुखायला लागतं. रोमन लिपीत 'बीआयटी चॉल मुंबई हिस्टरी' टाकलं की आधी कॉम्प्युटरचा बिट, मग बिटकॉइन, मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या ॲडमिशनची पानं. चाळ सापडलीच तर पुनर्विकासाच्या बातम्या आणि वन बीएचकेच्या जाहिराती. मराठीत टाकलं तर नुसते व्हिडिओ.

मला हवंय १८९८ ते १९३३ या काळातलं. ट्रस्टचे अहवाल, चाळींचे नकाशे, खोलीचं भाडं, प्लेगनंतर कोणत्या वस्त्या पाडल्या आणि माणसं कुठे गेली. गाइड म्हणतात, बूलियन ऑपरेटर वापर आणि फिल्टर लाव. अँड, ऑर, नॉटची ती वर्तुळं पदवीला असताना शिकवली होती, पण सर्चच्या चौकटीत टाइप काय करायचं ते कुणी दाखवलं नाही. 'नॉट बिटकॉइन' लिहून पाहिलं तर बिटकॉइनच वर आलं. कुणी नीट समजावून सांगेल का?

---

निवृत्त_ग्रंथपाल_दादर

अगं, विषय फार चांगला घेतलायस. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी गेली, आणि मुलं अडायची ती बरोबर याच ठिकाणी, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (मी इथे सगळं देवनागरीत लिहितेय. इंग्रजी शब्द तू सर्चमध्ये रोमन लिपीतच टाइप कर.)

आधी तुझं 'नॉट'. गुगल 'नॉट'ला ऑपरेटर मानत नाही, तो त्याला एक साधा शब्द वाटतो. तिथे वजाचं चिन्ह लागतं, आणि ते शब्दाला चिकटून हवं: -बिटकॉइन. चिन्हाच्या आधी जागा सोडायची, नंतर नाही. 'अँड' लिहायची गरज नाही, शेजारी शेजारी लिहिलेले शब्द तो एकत्रच धरतो. 'ऑर' मात्र मोठ्या रोमन अक्षरांतच लिही, लहान अक्षरांतला 'ऑर' तो ऑपरेटर म्हणून घेत नाही.

आता जरा थांब. मुलांना वजाचं चिन्ह सापडलं की ती वजाबाकीच करत सुटतात. -बिटकॉइन ठीक आहे, त्या पानांचा चाळीशी काही संबंध नाही. पण जाहिराती टाळायच्या म्हणून तू 'रिडेव्हलपमेंट' वजा केलंस, तर चाळीचा शंभर वर्षांचा इतिहास सांगून शेवटच्या परिच्छेदात पुनर्विकासाबद्दल एक ओळ लिहिणारा उत्तम लेखही त्याबरोबर जाईल. आणि गेला हे तुला कळणारही नाही. म्हणून वजा सगळ्यात शेवटी, तेही अगदी परक्या शब्दांपुरतं.

तुझं खरं काम 'ऑर' करणार आहे. आपण आजच्या शब्दांनी शोधतो, आणि कागद लिहिलेला असतो त्या काळच्या माणसाने त्याच्या शब्दांत. ट्रस्टच्या कचेरीतला १९१० सालचा कारकून अहवालावर 'बीआयटी चाळ' लिहिणार नाही. कायदा १८९८ चा, त्याचं नाव 'सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ॲक्ट'. मंडळाचं अधिकृत नाव 'ट्रस्टीज फॉर द इम्प्रूव्हमेंट ऑफ द सिटी ऑफ बॉम्बे'. नंतरचे अभ्यासक सुटसुटीतपणे 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' म्हणतात. आता बघ, अवतरणचिन्हांत शब्द टाकले की ते त्याच क्रमाने असायला लागतात. म्हणजे "बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट" एवढंच अवतरणात टाकलंस, तर अभ्यासकांचे लेख मिळतील आणि ट्रस्टने स्वतः छापलेले अहवाल बाहेर राहतील! तेव्हा असं लिही:

"बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट" ऑर "सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट" ऑर "इम्प्रूव्हमेंट ऑफ द सिटी ऑफ बॉम्बे"

आणि त्यापुढे: चॉल ऑर चॉल्स ऑर टेनेमेंट्स

यात 'बीआयटी' ही अक्षरंच नाहीत, त्यामुळे कॉम्प्युटर आपोआप गेला. कलकत्ता आणि दिल्लीचे ट्रस्ट मध्ये येऊ लागले, तर त्यांच्यासाठी वजा खुशाल वापर.

जागांच्या नावांचंही तेच. वहीचं एक पान उभं दुमड. डावीकडे आजचं नाव, उजवीकडे जुन्या इंग्रजीतली स्पेलिंगं. गिरगाव तेव्हा शेवटी 'यूएम' लावून लिहायचे, शीव म्हणजे सायन, आजचा मोहम्मद अली रोड ट्रस्टच्या कागदांत 'सिडनहॅम रोड' म्हणून येतो. इंग्रजीत 'मुंबई' अधिकृत झालं १९९५ मध्ये, म्हणजे तुझ्या काळातल्या इंग्रजी कागदांत 'बॉम्बे'च. नवीन अहवाल वाचताना वेगळं स्पेलिंग दिसलं की लगेच त्या पानावर चढव. ते पान भरत जाईल तसा तुझा शोध नेमका होत जाईल.

फिल्टरबद्दल: साध्या गुगलऐवजी गुगल बुक्समध्ये जा. शोध झाला की 'टूल्स' उघड, काळाच्या यादीत स्वतःची साल-मर्यादा दे आणि दुसऱ्या यादीत 'फुल व्ह्यू' निवड, म्हणजे पूर्ण वाचता येतील तीच पुस्तकं उरतील. एक काळजी घे. वार्षिक अहवालांच्या मालिकेत पुष्कळदा पहिल्या खंडाचं साल सगळ्या खंडांना चिकटवलेलं असतं. त्यामुळे १९१५ चा अहवाल हवा म्हणून फक्त १९१५ टाकू नकोस, मर्यादा मागे १८९८ पर्यंत ओढ.

---

भायखळा_स्लो

मॅडमनी मुद्द्याचं सांगितलंय. मी बातम्यांच्या डेस्कवर काम करतो, रोजच्या वापरातल्या काही गोष्टी जोडतो.

गुगल स्वतःच्या मनाने शब्द गाळतो. निकालाच्या खाली बारीक अक्षरांत 'मिसिंग' लिहून एखादा शब्द खोडलेला दिसतो ना, तो त्या पानावर नाहीच असं समज. त्यात 'चॉल' खोडलेलं असेल तर क्लिक करण्यात अर्थ नाही. तो एक शब्द अवतरणात टाकून पुन्हा शोध. सगळेच शब्द जसेच्या तसे हवे असतील तर कॉम्प्युटरवर 'टूल्स'मध्ये 'व्हर्बॅटिम' असतं, ते लाव.

'साइट' लिहून कोलन, आणि मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता. पूर्ण पत्ता लागतोच असं नाही, नुसतं शेवटचं 'गव्ह डॉट इन' दिलं तरी फक्त सरकारी पानं येतात. शोधगंगेचा पत्ता देऊन बघ, या विषयाच्या जवळचे पीएच.डी. प्रबंध तिथे शोधता येतील. त्यांची संदर्भसूची म्हणजे तुझ्यासाठी तयार वाट. 'फाइलटाइप' कोलन पीडीएफ लावलंस की जाहिरातींची पानं जवळजवळ संपतात, कारण फ्लॅट विकणारा सहसा पीडीएफ टाकत नाही.

'बिफोर' आणि 'आफ्टर'ला मात्र फसू नकोस. ते पान नेटवर कधी आलं ती तारीख बघतात, मजकूर कुठल्या काळाबद्दल आहे ते नाही. 'बिफोर' कोलन १९३३ लिहून जुने अहवाल मिळत नाहीत. पुनर्विकासाच्या लाटेआधी चाळीबद्दल काय छापून आलं हे बघायचं असेल, तर 'बिफोर' कोलन २०१० वगैरे कामाचं आहे.

---

शिवडीचा_डॉक्टर

प्लेगचा भाग माझ्या परिचयाचा, म्हणून लिहितो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पुढच्या जानेवारीत हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, आणि ट्रस्टचा कायदा आला तो त्यानंतरच. त्यामुळे वैद्यकीय कागद सोडू नका. 'इंडियन मेडिकल गॅझेट' या नियतकालिकाचे १८६६ पासूनचे जुने अंक पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन संग्रहात स्कॅन करून फुकट ठेवलेले आहेत.

तिथे नियम वेगळे आहेत. अँड, ऑर, नॉट हे तिन्ही शब्द चालतात, मोठ्या अक्षरांत लिहा. कंस घालाच, नाहीतर शोध डावीकडून उजवीकडे जसा येईल तसा सोडवला जातो. म्हणजे: प्लेग अँड बॉम्बे अँड (चॉल ऑर चॉल्स ऑर ओव्हरक्राउडिंग). कंस विसरलात तर शेवटचा 'ऑर ओव्हरक्राउडिंग' सुटा पडून जगभरातल्या गर्दीवरचे निबंध ओढून आणतो. नियतकालिकाचं नाव द्यायचं तर ते लघुरूपात लिहून पुढे चौकोनी कंसात 'जर्नल' लिहायचं.

मुख्य पबमेडवर गेलात तर एक सवय लावून घ्या. तिथे एकदा लावलेला फिल्टर पुढच्या शोधालाही लागू राहतो. आमच्याकडचे विद्यार्थी 'गेल्या पाच वर्षांतले' हा फिल्टर लावून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी जुनं काहीच सापडत नाही म्हणून विचारायला येतात. निकालांच्या वर 'फिल्टर्स अप्लाइड' दिसतंय का ते बघा, दिसलं तर 'क्लिअर ऑल' करा.

---

परळची_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार! मॅडम, तुमची तीन नावांची ओळ गुगल बुक्समध्ये टाकली आणि ट्रस्टचे वार्षिक अहवाल पहिल्यांदा दिसले. डॉक्टर, गॅझेटमध्येही मुंबईतल्या गर्दीवरचे लेख सापडले, आज रात्री वाचते. वहीचं पान सुरू केलंय, नागपाड्याची दोन स्पेलिंगं आत्ताच मिळाली.

आता अडलंय ते मराठीत. इंटरनेट आर्काइव्हवर 'गाठीचा ताप' आणि 'ग्रंथिक सन्निपात' ही प्लेगची तेव्हाची दोन्ही मराठी नावं देवनागरीत टाकली, हाती काही लागलं नाही. त्या काळी मराठीत प्लेगवर इतकं लिहिलं गेलं, ते तिथे नाहीच का?

---

निवृत्त_ग्रंथपाल_दादर

शब्द अगदी योग्य निवडलेस. पुस्तकं तिथे आहेत, पण शोधयंत्राला ती वाचता येत नाहीत. जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांचे फोटो काढलेले असतात. त्या फोटोतून अक्षरं ओळखण्याचं काम जुन्या देवनागरी खिळ्यांवर फार कच्चं होतं, जोडाक्षरांचा तर पार चुथडा होतो. पान समोर असलं तरी 'ग्रंथिक' हा शब्द त्याच्या मागच्या मजकुरात धड नसतो, मग अवतरणं आणि 'ऑर' लावून काय सापडणार?

म्हणून मराठीसाठी मजकुरात शोधू नकोस, पुस्तकाच्या नोंदीत शोध. आर्काइव्हच्या चौकटीखाली 'मेटाडेटा' आणि 'टेक्स्ट कंटेंट्स' असे पर्याय असतात, त्यातलं पहिलं घे. शिवाय डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाकडून आलेल्या पुस्तकांची नावं पुष्कळदा रोमन लिपीत भरलेली आहेत, तीही भरणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे. तेव्हा 'मुंबई' एका 'ए'ने, दोन 'ए'नी, शेवटी 'आय' लावून आणि 'बंबई'सुद्धा, अशी सगळी रूपं 'ऑर'ने जोड. त्यांच्याभोवती कंस घाल, पुढे 'अँड' लिहून भाषा मराठी दे, आणि डावीकडच्या रकान्यात सालं निवड. तिथे कंस आणि मोठ्या अक्षरांतले ऑपरेटर नीट चालतात.

हे करून जी नावं मिळतील त्यांची यादी कर. जे ऑनलाइन उघडत नाही ते दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचार, नायगावला, तुला परळहून जवळच. एशियाटिक सोसायटीचा 'ग्रंथसंजीवनी' हा डिजिटल संग्रहही चाळ. नकाशे आणि सरकारी पत्रव्यवहारासाठी फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठावं लागेल. गाइडचं पत्र आधीच घेऊन ठेव, आणि जाताना ते वहीचं पान बरोबर असू दे. तिथल्या सूचीतही तुला 'सिडनहॅम रोड'च शोधावा लागणार आहे.