मदत हवी आहे : प्रमाणपत्रातील पब्लिक की घेऊनही पीडीएफवरील सही पडताळली जात नाही

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात माझे ऑनलाइन सेवा केंद्र आहे. खरिपाच्या पीककर्जाच्या दिवसांत शेतकरी डिजिटल सहीचे कागद मोबाइलवर घेऊन येतात. पीडीएफ उघडली की सहीजवळ बहुधा प्रश्नचिन्ह दिसते आणि मग पुष्कळ जण फाइलमधलेच प्रमाणपत्र (सही करणाऱ्याचे नाव आणि त्याची पब्लिक की, म्हणजे सही पडताळण्याची उघड किल्ली, असलेली डिजिटल नोंद) ‘विश्वासार्ह’ म्हणून जोडून हिरवी खूण आणतात. अशी खूण कोणाच्याही सहीवर आणता येते, त्यामुळे ही पद्धत मला मान्य नाही. म्हणून नेटवर्क नसतानाही चालेल असा छोटा प्रोग्राम मी पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररीत लिहीत आहे.

‘बाइटरेंज’मधले (फाइलमधील सहीच्या आधीचा आणि नंतरचा) दोन्ही तुकडे जोडून काढलेला एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा छोटा ठसा), सहीच्या रचनेत नोंदवलेल्या हॅशशी, म्हणजे ‘मेसेज डायजेस्ट’शी, तंतोतंत जुळतो. प्रमाणपत्रातली की २०४८ बिटांची आरएसए (सहीची एक प्रचलित पद्धत) आहे, सहीही बरोबर २५६ बाइटांची आहे, पॅडिंग (हॅशला जोडायची ठरावीक भर) पीकेसीएस-१ आवृत्ती १.५ दिले आहे. तरीही लायब्ररीतील सही पडताळणाऱ्या ‘व्हेरिफाय’ला मूळ मजकूर द्या, त्याचा हॅश द्या किंवा ‘साइन्ड अॅट्रिब्यूट्स’ (सहीच्या रचनेतील सही केलेल्या नोंदी) जसेच्या तसे द्या, प्रत्येक वेळी ‘इनव्हॅलिड सिग्नेचर’ येते आणि कारण काहीच कळत नाही. चार रात्री यातच गेल्या. नेमके कोणते बाइट द्यायचे?

प्रतिसाद :
भाऊ, तुमचा तिसरा प्रयत्न योग्य वाटेवर होता. अशा रचनेत सही मजकुरावर नसून ‘साइन्ड अॅट्रिब्यूट्स’च्या डीईआर रूपावर (ठरावीक नियमांनी बाइटांत मांडलेल्या रूपावर) असते, आणि मजकुराचा हॅश त्यांच्या आत असतो. फाइलमध्ये त्यांचा पहिला बाइट हेक्समध्ये ए० असतो. सही करताना मात्र तिथे ‘सेट’चा टॅग (माहितीचा प्रकार सांगणारा बाइट), म्हणजे ३१, धरलेला असतो. तेवढा एक बाइट बदला, पुढची लांबी आहे तशीच ठेवा. हॅश स्वतः काढून देऊ नका, ‘व्हेरिफाय’ तो काढतेच.

एवढ्याने काम संपत नाही. प्रमाणपत्र फाइलसोबतच आलेले असल्याने सही जुळली तरी ती कोणाची, हे सिद्ध होत नाही. सीसीएचे (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवरील सरकारी नियंत्रकाचे) रूट, म्हणजे सर्वांत वरचे, प्रमाणपत्र स्वतंत्रपणे उतरवून स्वतःजवळ ठेवा आणि फाइलमधल्या प्रमाणपत्रापासून तिथपर्यंतची, प्रत्येकावर वरच्याची सही असलेल्या प्रमाणपत्रांची साखळी तपासा. सहीच्या वेळी प्रमाणपत्राची मुदत चालू होती का, तेही पाहा.

धागाकर्ता :
मनापासून आभार. ए० च्या जागी ३१ ठेवताच पडताळणी झाली. फाइलच्या प्रतीत मुद्दाम एक बाइट बदलून पाहिला, तेव्हा हॅश जुळला नाही. साखळी तपासण्याचा भाग पूर्ण होईपर्यंत हा प्रोग्राम केंद्रावर कोणासाठी वापरणार नाही.