बोटांची त्वचा कडक होऊन आवळत चालली आहे

प्रश्न: काही महिन्यांपासून माझ्या दोन्ही हातांच्या बोटांची त्वचा जाड, चकचकीत आणि ताणलेली दिसू लागली आहे. सांध्यांवरच्या सुरकुत्या जवळजवळ नाहीशा झाल्या असून तिथली त्वचा चिमटीत येत नाही आणि मूठही पूर्ण वळत नाही. त्याच्या बऱ्याच आधीपासून थंड पाण्यात हात घातला की बोटांची टोके पांढरी आणि मग निळसर पडत असत. मलमांनी काहीही फरक पडलेला नाही. कोणत्या डॉक्टरांना दाखवावे?

प्रतिसाद १: संधिवाततज्ज्ञांना, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवावे, आणि तेही लवकर. थंडीने बोटांचा रंग बदलणे याला रेनॉड म्हणतात. ते एकटे असेल तर बहुधा निरुपद्रवी असते, परंतु त्यापाठोपाठ त्वचा घट्ट होऊ लागली असेल तर स्क्लेरोडर्माची तपासणी करावीच लागते. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, लहान रक्तवाहिन्यांना इजा होते आणि त्वचेत कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साचत जाते, त्यामुळे वरून लावलेले मलम मूळ कारणापर्यंत पोचत नाही. डॉक्टर एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची) ही रक्तचाचणी सांगतील आणि नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहतील. निदान झाल्यास फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी, छातीचा सीटी स्कॅन आणि इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) टाळू नये, कारण खरा धोका बोटांपेक्षा फुप्फुसे, हृदय आणि मूत्रपिंडे यांना असतो.

प्रतिसाद २: मधुमेहाची तपासणी झाली आहे का? जुन्या मधुमेहातही बोटांची त्वचा जाड होते आणि नमस्कारासाठी तळवे जोडले तरी बोटांमध्ये फट राहते. मात्र त्यात रंग असा बदलत नाही, म्हणून मला पहिली शंकाच अधिक पटते.

प्रतिसाद ३: मला स्क्लेरोडर्माच आहे. केवळ हातमोजे पुरत नाहीत. सगळे अंग उबदार ठेवले तरच बोटे शांत राहतात. धूम्रपान पूर्ण बंद करावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याने रेनॉड वाढू शकतो. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने मुळीच घेऊ नयेत; या आजारात मोठ्या मात्रेमुळे मूत्रपिंडांवर अचानक संकट ओढवू शकते, म्हणून घरी रक्तदाब मोजत राहणे मी कधीच सोडत नाही. बोटे सरळ करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आत्ताच शिकून घ्या, कारण एकदा वाकून आखडलेली बोटे पुन्हा सरळ होणे फार कठीण असते.